आठ सेंटिमीटर पाणी

जूनच्या एक तारखेला कर कार्यालयातून एक बाई आल्या आणि माझे तीस केस कापून घेऊन गेल्या. डोक्याच्या मागच्या बाजूचे, अगदी मुळापासून. मुळाकडच्या टोकाला त्यांनी लाल दोरा बांधला, म्हणजे कुठलं टोक नवं आणि कुठलं जुनं हे चुकायला नको. सोबत सोड्याच्या सहा बाटल्या घेतल्या. बाटल्यांची पावती दिली, केसांची दिली नाही.

"दुखलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"केसांना नसा नसतात," मी म्हणाले.

मी आल्याचा सोडा बनवते. 'धुरी सोडा', दोनशे मिलिलिटर, काचेची बाटली. सावंतवाडीजवळच्या आमच्या गावात आजोबांनी तो सुरू केला, पुढे आई-आबांनी चालवला. आई आल्याचा अर्क काढायची, आबा पाण्याचं बघायचे. आई गेल्यावर अर्कही माझ्याकडे आला. बाटल्या मात्र गावात फारशा खपत नव्हत्या. दहांतल्या आठ घाट चढून बेळगावच्या हॉटेलांत जायच्या आणि रिकाम्या होऊन परत उतरायच्या. दर खेपेला शंभर-एक बाटल्या फुटायच्या. गेल्या ऑक्टोबरात मी कारखानाच वर नेला. बेळगावात एक शेड, वर राहायला खोली, मागे बोअरवेल. कामाला चार बायका.

अंतर शंभरेक किलोमीटर. मध्ये राज्याची सीमा.

कराचा नंबर राज्याचा असतो. धंदा दुसऱ्या राज्यात नेला की तो नंबर सोबत येत नाही. जुना रद्द करायचा, जुन्या राज्यात शेवटचं विवरणपत्र भरायचं, नव्या राज्यात नवा नंबर घ्यायचा. शेवटच्या विवरणपत्राला एक यादी जोडावी लागते. धंद्याच्या नावावर घेतलेली प्रत्येक वस्तू, ती आता कुठे आहे, सोबत नेली की विकली. ती यादी मी एका दुपारी बसून केली. गॅस भरायचं यंत्र, बूच लावायचं यंत्र, क्रेट, वजनकाटा. एकूण सतरा वस्तू. सगळ्यांपुढे 'सोबत नेली' असं लिहिलं.

नवा नंबर पहिलं वर्षभर तात्पुरता असतो. कारण २०३६ सालचा नियम. त्याआधी बरेच छोटे धंदे कागदावर एका राज्यात आणि प्रत्यक्षात दुसऱ्या राज्यात चालायचे. जिथे सवलत असेल तिथे पत्ता. दोन्ही राज्यं आपापल्या वाट्यासाठी भांडायची आणि कुणालाच काही सिद्ध करता यायचं नाही. कागद, भाडेकरार, विजेचं बिल, सगळं बनवता येतं. पाणी बनवता येत नाही.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू असतो. दर पाचशेंत साधारण एक अणू जरा जड असतो, बाकी सगळ्या बाबतीत सारखाच. समुद्रावरून ढग निघतो तेव्हा त्यात जड आणि हलकं दोन्ही पाणी असतं. ढग बरसू लागला की जड पाणी आधी पडतं. म्हणजे कोकणातल्या पावसात ते जास्त. घाट चढेपर्यंत ढगाजवळ हलकं पाणीच जास्त उरलेलं असतं, तेच पठारावर पडतं, मुरतं आणि बोअरवेलमधून वर येतं. फरक अगदी थोडा, हजारात एक-दीड भाग. चवीत, रंगात, वासात काहीही फरक नाही. पण प्रत्येक गावचा आकडा वेगळा असतो. तो मोजणारं यंत्र पूर्वी मोठ्या प्रयोगशाळांत होतं, आता फ्रिजएवढं झालं आहे आणि प्रत्येक जिल्ह्याच्या कर कार्यालयात असतं. त्याला जलसाक्ष म्हणतात.

सोड्यात नव्वद टक्के पाणी. सोडा कुठे बनला ते बाटली सांगते. मालक कुठे राहतो ते केस सांगतो, कारण आपण जे पाणी पितो आणि ज्यात अन्न शिजवतो, त्यातला थोडा ऑक्सिजन केसात जाऊन बसतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आठ सेंटिमीटर केस म्हणजे आठ महिन्यांची नोंद, लाल दोऱ्याकडून मागे मागे वाचायची.

माल आणि मालक दोघंही हललेले दिसले की नंबर कायम होतो.

पंधरा दिवसांनी नोटीस आली, सोबत केसाच्या आलेखाचं एक पान. निकालाच्या दोनच ओळी होत्या.

उत्पादन : स्थलांतरित.

मालक : स्थलांतरित नाही.

खाली लिहिलं होतं की या तफावतीचा समाधानकारक खुलासा पंचवीस जूनच्या सुनावणीत न झाल्यास तात्पुरता नंबर रद्द होईल. जुना रद्द झालेलाच होता. म्हणजे धुरी सोडा कुठल्याच राज्यात उरणार नव्हता. शेडला सील, बायकांना घरी जायला सांगायचं, आजोबांपासूनचं नाव बाटल्यांवरून उतरवायचं. खुलाशासाठी साक्षीदार आणता येईल असंही लिहिलं होतं. मी नोटीस दोनदा वाचली, मग घडी करून वजनकाट्याखाली ठेवली. बायका बाटल्या धूत होत्या. मीही धुवायला बसले.

खुलासा मला ठाऊक होता. साक्षीदारही एकच होता.

आबा दर सोमवारी येतात. एकाहत्तर वर्षांचे आहेत. सकाळी नऊला त्यांची जुनी ओम्नी शेडसमोर थांबते. मागे वीस लिटरचे आठ कॅन असतात, गावच्या विहिरीच्या पाण्याचे. ती विहीर आजोबांनी खणलेली.

"इलंय गो," म्हणतात. "पाणी हाडलंय. उतरून घे."

पहिल्या सोमवारी ते असे अचानक आले तेव्हा मी म्हणाले होते, "आबा, हंयसर बोअर आसा."

"बोअरच्या पाण्याचो सोडो?" आबा हसले होते. "सोडो म्हणजे पाणी गो. बाकी सगळो वारो. आवशीचो अर्क आणि आमच्या बावडीचा पाणी, त्याका धुरी सोडो म्हणतत."

माझ्याकडे रोज सहाशे बाटल्या भरतात. आठ कॅनमध्ये एक दिवस आणि थोडं. आबांना ते गणित येत नाही असं नाही. त्यांना वाटत होतं की मी ते पाणी अर्कात घालते, म्हणजे थेंबभर का होईना प्रत्येक बाटलीत जातं. मी तसं कधी म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

त्याच आठवड्यात मी एक चाचणी केली होती. बोअरचं गाळलेलं पाणी आणि आबांचं पाणी, दोन्हीचा सोडा करून शेडमधल्या बायकांना डोळे मिटून प्यायला दिला. तीस घोट. पंधरा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. तेव्हापासून सोड्यात फक्त बोअरचं पाणी जातं.

आणि आबांचं पाणी मी पिते. त्यातच भात लावते, चहा करते. उरलेल्यात केस धुते. ओतून का दिलं नाही ते मला सांगता येणार नाही. कॅन जिन्याखाली होते, माठ रिकामा होता, मी भरत गेले. आठ महिने.

मी आबांना फोन केला.

"आबा, पंचवीस तारखेक कचेरीत येवचा लागतला. साक्षीक."

"कसली साक्ष?"

"पाण्याची. तुमी पाणी हाडतास, इतक्याच सांगूचा."

"इतक्याच ना? सांगतंय. खोटा थोडाच आसा?"

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी अर्धंच सांगितलं आहे. पुन्हा लावला नाही. मध्ये एक सोमवार आला, आबा कॅन ठेवून चहा पिऊन गेले. तेव्हाही सांगता आलं असतं.

पंचवीसला आबा इस्त्रीचा सदरा घालून आले. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी हुक्केरी मॅडम पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर ठेवून बोलायच्या. टेबलावर एक पडदा होता, त्याची पाठ आमच्याकडे.

"बसा की. आजोबा, तुम्ही पंख्याखाली बसा. सोडा घेऊन आला नाही काय?"

"आणला असता, मॅडम," आबा त्यांच्या शुद्ध मराठीत म्हणाले, "पण तुम्ही म्हणाल लाच दिली."

मॅडम हसल्या. मग त्यांनी मला विचारलं, "सोडा इथं बनतोय आणि तुम्ही राहताय तिकडं. रोज घाट चढून येताय काय?"

"नाही. मी इथेच राहते. वडील पाणी आणतात."

"कशासाठी?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "सोड्यासाठी. दर सोमवारी आठ कॅन. एक सोमवार चुकवला नाही. हा सोडा पहिल्यापासून आमच्या विहिरीच्या पाण्याचा आहे आणि आजही आमच्याच पाण्याचा आहे. हिने गाव सोडलं, पाणी सोडलं नाही."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आजोबा, हे असंच लिहून घेऊ? नीट विचार करून सांगा. सोडा तिकडच्या पाण्याचा म्हटला तर इथला नंबर आजच जाईल बघा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना एवढंच समजलं की खरं बोलल्याने माझं नुकसान होतं आहे. ते आपलं बोलणं मागे घ्यायच्या बेतात दिसले. पण खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांना शब्द सापडेना.

"तसं लिहू नका," मी म्हणाले. "पडदा त्यांना दाखवा."

मॅडमनी पडदा फिरवला. सहा बाटल्यांच्या सहा आडव्या रेघा होत्या, एकावर एक बसलेल्या. आमच्या भागातल्या बोअरची रेघही त्यांच्यावरच बसलेली. बरीच वर, एकटी, सावंतवाडी भागाची रेघ.

"सहाही बाटल्यांत तुमच्याकडचं पाणी शून्य आहे, आजोबा," मॅडम म्हणाल्या.

आबा पडद्याच्या जवळ गेले. "ह्या मशीनान कधी आमचो सोडो पिल्यान काय?" हे त्यांनी मला विचारलं, मॅडमना नाही.

"मशीन बरोबर आसा, आबा."

"सगळो बोअरचो?"

"सगळो."

"पयल्यापासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

ते पुन्हा पंख्याखाली जाऊन बसले. मॅडमनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. मग विचारलं, "तर मग आठ कॅन पाण्याचं करता काय तुम्ही?"

"पिते."

"एकशे साठ लिटर?"

"स्वयंपाकही त्यातच. केसही त्यातच धुते."

मॅडमनी माझ्या केसाचा आलेख उघडला. आठ सेंटिमीटर, आठ ठिपके. डावीकडे ऑक्टोबर. पहिले सहा ठिपके विहिरीच्या आकड्यावर सरळ रांगेत होते. यंत्राच्या दृष्टीने मी गाव सोडलंच नव्हतं. आबा ते बघत होते. त्यांना आलेख कितपत कळला ते सांगता येत नाही, पण त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"सहा ठिपके पटले," मॅडम म्हणाल्या. "हे दोन काय?"

शेवटचे दोन ठिपके, एप्रिल आणि मे, रांगेच्या वर गेले होते. विहिरीपेक्षाही जड पाणी. मी नोटिशीबरोबरचा आलेख पाहिला होता, पण त्या दोन ठिपक्यांकडे लक्ष दिलं नव्हतं. ती मोजणीतली चूक असेल असं धरलं होतं.

"हे विहिरीचं पाणी नाही," मॅडम म्हणाल्या. "हे उघड्यावरचं पाणी आहे, धरण नाहीतर तलाव. उन्हानं हलकं उडून जातंय, जड मागं राहतंय. विहीर आटली काय हो, आजोबा?"

"आमची विहीर आटत नाही." हे त्यांनी लगेच सांगितलं. मग म्हणाले, "नळाचं आहे."

"आबा?"

"मार्चाक खांदो धरलो गो. दोरी ओढूक जमणा नाय."

"दोरी कित्याक? पंप आसा नाय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. "पंप तू नेलंस मां?"

वस्तू क्रमांक अकरा. पाण्याचा पंप, एक अश्वशक्ती, 'सोबत नेली'. पावती धंद्याच्या नावावर होती म्हणून यादीत आला आणि यादीत आला म्हणून ट्रकमध्ये गेला. गावी ठेवला असता तर आबांना विकला असं दाखवून एक पावती करावी लागली असती. एका पावतीचं काम वाचलं. इथे बोअरला स्वतःचा पंप आहे. अकरा नंबर आठ महिने शेडच्या कोपऱ्यात पोत्यात गुंडाळून पडला होता. बायका त्यावर डबे ठेवायच्या.

आबांनी ऑक्टोबर ते मार्च दर आठवड्याला एकशे साठ लिटर पाणी दोरीने काढलं होतं. दहा लिटरची कळशी, सोळा खेपा. हे गणित मी तिथे खुर्चीवर बसून केलं. उत्तर आल्यावर पुढे काय करायचं असतं ते सुचलं नाही.

"मगे सांगलास नाय ते?"

"तू खय सांगलंस?" आबा म्हणाले.

मॅडमनी लिहून घेतलं. खुलासा तात्पुरता मान्य. मालकाने आजपासून तीन महिने फक्त इथलं पाणी प्यावं, त्यातच शिजवावं. सप्टेंबरअखेर केस पुन्हा तपासले जातील. नवे तीन सेंटिमीटर इथले निघाले तर नंबर कायम. पुढे पाच वर्षं वर्षातून एकदा तपासणी.

"म्हणजे पाणी आणायचं नाही?" आबांनी विचारलं.

"आणू नका की, आजोबा. लेकीसाठीच."

बाहेर आल्यावर त्यांनी ओम्नीचं मागचं दार उघडलं. तो गुरुवार होता, सोमवार नव्हता, तरी आत आठ कॅन भरलेले होते. नळाचे. आम्ही ते कार्यालयाच्या कुंपणाजवळच्या झाडांना घातले. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी हे पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी पावती केली. वापरलेला पंप, एक अश्वशक्ती, नग एक. ग्राहक वासुदेव धुरी. ग्राहकाचा कराचा नंबर : नाही. पंप टेम्पोने खाली पाठवला. आबांचा फोन आला, "पोचलो," एवढंच म्हणाले. पंप पोचला होता.

जुलैपासून सोमवारी कुणी आलं नाही. मी बोअरचं पाणी प्यायले. भात तसाच झाला, चहा तसाच झाला. पहिल्या सोमवारी नऊ वाजता मी शटरकडे गेले आणि मग क्रेट मोजायचे होते असं ठरवून ते मोजले. आठवड्यातून एकदा फोन व्हायचा. खांदा कसा आहे, शेक घेता का, बाटल्या किती जातात. पाण्याबद्दल दोघंही बोलत नव्हतो. ऑगस्टमध्ये एकदा म्हणाले, "इतक्या लांब हात हलवीत येवचा कित्याक?" मी म्हणाले, "येवा, असेच येवा." आले नाहीत.

सप्टेंबरच्या शेवटी केस गेले, दहा दिवसांनी निकाल आला. तीन ठिपके, तिन्ही बोअरच्या रेघेजवळ सरळ रांगेत. मालक : स्थलांतरित. हुक्केरी मॅडमनी स्वतः फोन केला. "झालं बघा. आता तुम्ही इथल्या." मी आभार मानले.

त्या दुपारी मी अहवालाची मागची पानं वाचली. तिथे यंत्राची त्रुटी दिलेली असते. तिच्या आतला फरक यंत्राला दिसत नाही. माणूस पिऊन आणि खाऊन आठवड्याला अंदाजे वीस लिटर पाणी घेतो. त्यातलं एक लिटर दुसरीकडचं असलं तरी ठिपका हलत नाही. एक लिटर म्हणजे पाच पेले. सहाव्या पेल्यापासून ठिपका वर सरकू लागतो.

मी आबांना फोन केला. "आबा, सोमवारी येवा. एस.टी.न येवा, गाडी चालवू नकात. दोन बाटल्या पाणी घेवन येवा."

"चलता?"

"पाच पेले चलतत."

"पाचच?"

"आठवड्याक पाच."

"बरा," आबा म्हणाले. "दोगांका दोन बाटल्ये."

सोमवारी ते साडेनऊला आले. खांद्याला पिशवी, पिशवीत स्टीलच्या दोन बाटल्या, टॉवेलात गुंडाळलेल्या. शेडमधल्या बायकांनी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी बूच उघडून दोन पेले भरले, एक मला दिला, एक स्वतः घेतला. मी प्यायले.

"कसा लागता?"

मी नीट लक्ष देऊन दुसरा घोट घेतला. तीन महिन्यांत मी काही विसरले आहे का ते बघायचं होतं. पाण्यासारखं पाणी होतं.

"आपल्या बावडीचा," मी म्हणाले.

"पंप लावलंय," आबा म्हणाले. "बटण दाबला की येता."

ते खरंच विहिरीचं होतं की नळाचं, हे मला कळायला मार्ग नव्हता. पाच पेल्यांपुरतं ते केसालाही कळलं नसतं.

जेवताना दुसरा पेला झाला. जेवणानंतर तिसरा. आबांनी बूच लावायचं यंत्र कसं चालतं ते पाहिलं, एका बाईला लिव्हर ओढायची जुनी पद्धत दाखवली, डाव्या हाताने. चारला त्यांच्यासाठी सोडा उघडला. त्यांनी अर्धी बाटली सावकाश संपवली.

"अर्क बरो जमलो," म्हणाले. पाण्याबद्दल काही म्हणाले नाहीत.

चौथा पेला तेव्हा झाला. पाचवा मी त्यांची एस.टी. यायच्या आधी, शेडच्या दारात उभी राहून प्यायले. पेला खाली ठेवताना आबांनी बाटली हलवून पाहिली.

"थोडा आसा," ते म्हणाले. "परत नेवन काय करू?"

त्यांनी बाटली डाव्या हाताने वाकडी केली. मी पेला उचलून पुढे धरला.